टेस्टिंगपुरतं

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत कुणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी यतीन शिराळकरला फोन जातो. टीव्ही असो, डिशवॉशर असो, बर्फ ढकलायचं मशीन असो, की पोराला कॉलेजात जायला गाडी. यतीन आधी ढीगभर प्रश्न विचारतो, मग एक-दोन दिवस गप्प बसतो, आणि मग जे नाव सांगतो त्यावर माणूस डोळे मिटून कार्ड घासतो. आजवर त्याचा सल्ला कुणाला फसलेला नाही. स्वतःच्या घरात मात्र हाच माणूस टोस्टर निवडायला अख्खा उन्हाळा लावतो आणि त्याची बायको रेणू तेवढे दिवस ब्रेड तव्यावर भाजते.

त्याचं कामच तसलं. गाडी मागे घेताना समोरच्या पडद्यावर मागचं दाखवणारा एक बोटभर कॅमेरा असतो, त्याची परीक्षा घेण्यावर यतीनचं पोट चालतं. धुक्यात काय दिसतं, भिंगावर चिखल उडाला तर काय दिसतं, तिन्हीसांजेला काळ्या कोटातलं माणूस दिसतं की नाही, सगळं तपासायचं आणि पास की नापास ते लिहायचं. ऑफिसातून निघताना लोक लॅपटॉप बंद करतात. यतीनचं तपासणं काही बंद होत नाही. हॉटेलात गेला तरी मेन्यूकार्ड प्रश्नपत्रिकेसारखं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

तर अशा माणसाला एक कॅमेरा निवडायचा होता, आणि तोही लवकर. कारण त्याच्या आईचे शब्द चालले होते.

अहिल्याबाई सांगलीच्या. यतीनचे वडील राजारामभाऊ आदल्या वर्षी गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अहिल्याबाई बोलता बोलता अडायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं, दुःखानं होतंय. मग झाऱ्याला ‘ते भोकाभोकांचं’ आणि किल्लीला ‘दाराचं ते’ असं सुरू झालं, तेव्हा यतीनची थोरली बहीण राधिका त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, विसरणं वेगळं आणि हे वेगळं. यांना सगळं आठवतंय, माणसं कळतायत, फक्त शब्द हाताशी येत नाहीत. आधी वस्तूंची नावं जातील, मग वाक्यं तुटतील, मग बोलणंच थांबेल. ते थांबवायचं औषध नाही. बोलतं ठेवा, आणि आवाज जपून ठेवायचा असेल तर आत्ताच रेकॉर्ड करून घ्या.

राधिकानं हे फोनवर सांगितलं तेव्हा यतीन ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता. त्यानं चालू केलेलं इंजिन पुन्हा बंद केलं. मग म्हणाला, "ताई, आई एप्रिलमध्ये इथे येतेच आहे. रेकॉर्डिंग मी करतो. नीट करतो." त्या ‘नीट’नंच पुढे सगळा घात केला.

आणि आवाज जपायचा म्हणजे कुणाचा, तर अहिल्याबाईंचा. लग्नाच्या आधीपासून निवृत्त होईपर्यंत बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंककॉलच्या काळात सांगलीनं त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण आवाज सगळं गाव ओळखायचं. मंडईत "कशी दिली" एवढं म्हणाल्या की भाजीवाला मान वर करून विचारायचा, बाई, तुम्ही एक्स्चेंजमधल्या का? ठाशीव, स्वच्छ, न अडखळता बोलणं हा त्यांचा मान होता. नेमका तोच जायला निघाला होता आणि ते त्यांना पुरतं कळत होतं. म्हणून चारचौघांत त्या बोलायच्याच बंद झाल्या. नोव्हायला कुणी भेटायला आलं की हसून पाण्याचा पेला पुढे करायच्या आणि आत निघून जायच्या. लोक म्हणायचे, काकू किती शांत आहेत. 

रेणूनं पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं, "अरे, फोनवर काढ ना. रोज थोडं थोडं." यतीननं तिला फोनच्या कॅमेऱ्यात काय काय खोट असते ते समजावलं. घरातल्या दिव्यात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. हे एकदाच होणार आहे, तो म्हणाला, उद्या मोठ्या पडद्यावर लावलं तरी आई समोर बसल्यासारखी वाटली पाहिजे.  प्रेमापोटीच तर करत होता. रेणूनं आपल्या फोनवर काही वेळा प्रयत्न केला, पण फोन वर धरलेला दिसला की अहिल्याबाई पदर तोंडाशी नेऊन "नको गं" म्हणायच्या. ते ‘नको गं’ तेवढं रेणूकडे आहे.

मग शोध सुरू झाला. फोटोही चांगले हवेत आणि व्हिडिओही, इथेच पहिली मेख होती. फोटोला उत्तम असलेला कॅमेरा व्हिडिओ काढताना तापतो. व्हिडिओला उत्तम असलेला अंधारात आंधळा होतो. दोन्हीला उत्तम असला तर त्याला बाहेरचा माइक लावायची सोयच नसते. यतीनचा कॉलेजातला मित्र संग्राम नेपरव्हिलला असतो आणि हौसेनं लोकांच्या लग्नांचे फोटो काढतो. तो म्हणाला, "यार, कॅमेऱ्याच्या बॉडीवर जीव टाकू नकोस. एक चांगली लेन्स घे आणि शूट करायला लाग." यतीननं त्यातलं निम्मंच मनावर घेतलं आणि लेन्सचा वेगळा अभ्यास सुरू केला.

झाडांना पालवी फुटून ती गर्द झाली तेव्हा कुठे पहिला कॅमेरा घरी आला.

इथली एक रीत सांगायला हवी. अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसाला सगळ्यात आधी भावते ती गोष्ट म्हणजे घेतलेली वस्तू परत करता येते. वापरून, बघून, आवडली नाही एवढ्यावर. काही बहाद्दर तर कॅम्पिंगहून आल्यावर तंबू परत करतात. यतीन त्यातला नव्हे, पण त्याच्या तपासण्याला या रीतीनं मोकळं रान मिळालं होतं. खोका सुरीनं अलगद उघडायचा, प्लास्टिकची घडी करून ठेवायची, वस्तू चांगली पारखायची आणि नापास झाली की जशीच्या तशी पुन्हा खोक्यात. अहिल्याबाईंना हे पटायचं नाही. दुकानदाराला काय वाटेल, असं त्या रेणूला हळूच विचारायच्या.

तर त्या पहिल्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची म्हणून यतीननं तो स्वयंपाकघरातल्या टेबलासमोर तिपाईवर बसवला. टेबलाशी अहिल्याबाई मेथी निवडत होत्या. त्यानं कानाला हेडफोन लावले आणि म्हणाला, आई, जरा बोल काहीतरी.

अहिल्याबाईंचा हात पदराकडे गेला. "हे ठेवणार का?"

"नाही गं. टेस्टिंगपुरतं. लगेच पुसून टाकणार."

"टेस्टिंग होय," असं म्हणून त्या हसल्या आणि पदर सोडून दिला. "ते तर मी रोज करायची."

आणि त्या बोलायला लागल्या. राहणार नाही म्हटल्यावर अडखळण्याची लाज उरली नाही. सकाळच्या ड्यूटीला आलं की आधी सगळ्या गावांच्या लाइनी तपासायच्या, असं त्या सांगत होत्या. पलीकडच्या गावाला हाक मारायची, पलीकडच्यानं ओ द्यायची. नुसत्या ‘हॅलो’नं खरखर कळत नाही, थोडा वेळ बोलत राहावं लागतं, मग काय बोलायचं? आज भाजी काय केली, पाऊस आहे का, हेच. पलीकडून उत्तर आलं तरच लाइन पास. हेडफोनला त्या ‘कानाचं ते’ म्हणाल्या, सुपरवायझर हा शब्द आलाच नाही, त्याऐवजी नाकावर चष्मा सरकवून त्या माणसाची नक्कल केली. रेणू ओट्याशी उभी राहून हसत होती. यतीनचं लक्ष पडद्यावर होतं. कॅमेरा आईच्या डोळ्याभोवती एक छोटी चौकट धरून ठेवतो आणि मान वळली तरी सोडत नाही, हे बघून त्याला भलता आनंद झाला होता. मग कॅमेरा तापला आणि मधेच बंद पडला. नापास.

दुसरा कॅमेरा आला तेव्हा उन्हाळा भरात होता. पुन्हा तेच टेबल, तोच प्रश्न, ठेवणार का, आणि तेच उत्तर, टेस्टिंगपुरतं. त्या दिवशी अहिल्याबाई कऱ्हाडच्या लाइनीबद्दल काही सांगायला लागल्या होत्या. चांगल्या रंगात आल्या होत्या. यतीननं हात वर केला. "आई, थांब. फ्रीजचा आवाज येतोय." त्यानं उठून फ्रीजची वायर काढली, परत हेडफोन चढवले आणि म्हणाला, हं, बोल. अहिल्याबाई गोंधळल्या. कुठं होते मी, असं त्यांनी विचारलं. रेणू ओट्याकडून म्हणाली, कऱ्हाडला. मग त्या पुढे बोलत राहिल्या, यतीन आवाजाची वरखाली होणारी हिरवी रेघ बघत राहिला, आणि शेवटी त्याला त्या आवाजाच्या तळाशी बारीक सुस्कारा ऐकू आला, तो फ्रीजचा नव्हता, कॅमेऱ्याचाच होता. नापास.

तिसऱ्यात आईचा गोरा रंग हिरवट यायला लागला. तोही गेला.

प्रत्येक परीक्षेनंतर यतीन व्हिडिओ कंप्युटरवर घ्यायचा, पापण्यांचे केस मोजता येतील इतका मोठा करून बघायचा, गुण द्यायचा आणि पुसून टाकायचा. या फायली अवाढव्य, ठेवायच्या कुठे? आणि नव्या कॅमेऱ्याला कार्ड कोरं करूनच घालायचं, हा त्याचा नियम. आईला पुसतो म्हणून सांगितलं होतं, ते त्यानं काटेकोर पाळलं.

चौथा कॅमेरा सप्टेंबर संपताना आला आणि सगळ्यात पास झाला. यतीननं खोका घडी करून चक्क रिसायकलिंगमध्ये टाकला, तेव्हा रेणूला खात्री पटली की हा आता राहणार. अहिल्याबाईंचं परतीचं तिकीट दिवाळीच्या आधीचं होतं. तोवर त्यांच्या बोलण्यात नावं फारशी उरलेली नव्हती, ‘हे’ आणि ‘ते’ यांच्यावरच गाडी चालली होती. पण यतीनला वाटत होतं, अजून वेळ आहे, आणि आता साधनंही नीट आहेत.

रविवारी दुपारी त्यानं हॉलमध्ये सगळं मांडलं. दोन बाजूंना दोन दिवे, मागे साधा पडदा, आईच्या खांद्याशी टाचलेला छोटा माइक. रेणूनं त्यांना जांभळी इरकल नेसवली. राधिकानं पुण्याहून प्रश्न पाठवले होते आणि पहिला होता, बाबांची आणि तुझी गाठ कशी पडली. ते अर्धवट तिनं लहानपणी ऐकलं होतं, पुरतं कुणालाच ठाऊक नव्हतं. राजारामभाऊ असल्या गोष्टी बोलणारे नव्हते.

अहिल्याबाईंनी दिव्यांकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं. "हे खरं?"

"हो आई. हे आता कायमचं राहणार."

तेवढं त्यानं सांगायला नको होतं. बाई ताठ झाल्या. हात मांडीवर गच्च धरले. यतीननं प्रश्न विचारला. त्यांनी तोंड उघडलं, स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आणि पुढे "टेलि... टेलि..." म्हणत राहिल्या. जन्मभर जिथे काम केलं त्या जागेचं नाव येईना. यतीन म्हणाला, सावकाश, घाई नाही. त्यानं धीर द्यायला म्हटलं होतं, पण त्यांना तो वर्गातल्या मास्तरासारखा वाटला असणार. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो उत्तम कॅमेरा एकेक थेंब टिपत होता. "पुस," त्या म्हणाल्या. "पुस हे. पुस." रेणू पुढे झाली आणि तिनं दिवे बंद केले. यतीननं आईच्या समोर, तिला दाखवून, ते पुसलं.

संध्याकाळी राधिकाचा फोन आला. झालं का रेकॉर्डिंग, बाबांचं काही सांगितलं का आईनं? यतीननं जे झालं ते सांगितलं. राधिका पलीकडे रडायला लागली. म्हणजे ते गेलंच म्हणायचं, असं ती म्हणाली.

त्यानं फोन ठेवला तेव्हा रेणू भांडी पुसत होती. ती म्हणाली, "पण ते त्यांनी सांगितलंय की. तू तो दुसरा कॅमेरा आणलास ना, तेव्हा. बाबा तेव्हा कऱ्हाडच्या एक्स्चेंजमध्ये होते, सकाळी लाइन तपासायला दोघं बोलायचे म्हणे. पुढचं मला नाही कळलं, माझा फोन आला म्हणून मी बाहेर गेले होते. तू तर समोर होतास. पुढे काय म्हणाल्या?"

यतीननं आठवून पाहिलं. आईचे ओठ हलताना दिसले, हिरवी रेघ कुठवर उसळत होती ते दिसलं, तो बारीक सुस्कारा कानात जसाच्या तसा आला. शब्द एकही नाही.

"फ्रीजचा आवाज येत होता," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि दुपारभर कंप्युटरशी बसला. पुसलेलं परत आणणारी प्रोग्रॅम्स असतात, ती सगळी लावून पाहिली. पण त्याच कार्डावर तो पुन्हा पुन्हा नवं भरत गेला होता, आणि आपलं काम तो किती चोख करतो ते त्याला तेव्हा कळलं. हाती लागली ती गुण देण्यासाठी मोठी करून ठेवलेली चित्रं. आईची एक पापणी. कानाची पाळी आणि त्यातली कुडी. नाकाच्या कडेचा हिरवटपणा. पदराच्या काठाचे धागे, सुटे सुटे दिसणारे. सगळं होतं, आई कुठेच नव्हती. त्याला स्वतःची किळस आली. मे महिन्यापासून ती त्याच्यासमोर बसून बोलत होती. सगळं आयुष्य सांगून झालं असेल तिचं, आणि हा बसला होता कॅमेऱ्याला मार्क देत.

पुढचे काही दिवस त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. बॅगा भरायला काढल्या गेल्या. राधिकाकडे पुण्याला राहायचं ठरलं होतं. अहिल्याबाई आता दिवस दिवस गप्प असायच्या, फक्त निवडायला भाजी तेवढी त्यांना लागायची, हातांना सगळं ठाऊक होतं. जायचं अगदी तोंडावर आलं असताना एका सकाळी त्या टेबलाशी कोथिंबिरीची जुडी घेऊन बसल्या. बाहेर अंगणभर मेपलची पानं पडलेली. रेणू कामावर गेली होती. यतीन बराच वेळ दारात उभा राहिला. मग आत जाऊन कॅमेरा घेऊन आला, तिपाई न लावता फ्रीजजवळच्या फळीवर तसाच ठेवला आणि चालू केला. लाल दिवा लागला.

अहिल्याबाईंनी वर पाहिलं. "ते... ठेवणार?"

"नाही गं," यतीन म्हणाला. "टेस्टिंगपुरतं."

त्यांचा चेहरा निवळला. पण बोलल्या नाहीत. काड्या खुडत राहिल्या. यतीन कॅमेऱ्यामागे हेडफोन चढवून उभा. फ्रीज घुमत होता आणि बाकी सगळं शांत. गेलं, त्याला वाटलं, हेही गेलं. आणि मग त्याला तिचं एक बोलणं आठवलं, कसं कोण जाणे, पण तेवढं कानातून आत गेलेलं होतं. पलीकडच्यानं ओ द्यायची. पलीकडून उत्तर आलं तरच लाइन पास. इतक्या महिन्यांत ती बोलली आणि यानं एकदाही ओ दिली नव्हती.

त्यानं हेडफोन काढून ठेवले. खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून आईच्या समोर बसला.

"हॅलो," तो म्हणाला. "हॅलो सांगली. कऱ्हाड बोलतोय."

अहिल्याबाईंचे हात थांबले. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. यतीनला वाटलं, आपण फार मोठी चूक केली, तिला ही चेष्टा वाटणार. तेवढ्यात त्यांनी पाठ सरळ केली. कानाशी हात नेऊन तिथे नसलेलं काहीतरी नीट बसवलं.

"बोला, कऱ्हाड."

तोच आवाज होता. गावानं ओळखलेला, शाळेतून आल्यावर यतीन एक्स्चेंजच्या जिन्यात बसून ऐकायचा तो.   यावर बाबा काय बोलले असतील ते त्यानंच पुसून टाकलेलं होतं. सुचलं ते तो बोलला. "आज भाजी काय?"

"रोज तेच," अहिल्याबाई म्हणाल्या आणि लाजून हसल्या. आईला असं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "रोज तेच विचारता."

"मग सांगा की."

"मेथी." त्यांनी हातातल्या जुडीकडे पाहिलं. "नाही... हे." मग मान कलती करून विचारलं, "तुमची?"

"आमची कसली भाजी. खाणावळीचं जेवण."

"खोटं," त्या म्हणाल्या. "तुमची आई... ते..." आणि दोन्ही हातांनी हवेत भाकरी थापली, मग वरून गाठ मारली. "रोज. दोघांचं... दोघांचं आणलं. एसटीनं. मला."

यतीननं मनाशी जुळवून पाहिलं. आजी कऱ्हाडला होती तेव्हा. भाकरी बांधून देत होती. एसटीच्या कंडक्टरच्या हाती सांगलीला, एका न पाहिलेल्या मुलीला. म्हणजे बाबांनी घरी सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा, जे आयुष्यात कधी आईशी चार शब्द गोड बोललेले त्यानं ऐकले नव्हते, ते. त्याला अजून शंभर गोष्टी विचारायच्या होत्या, ती भाकरी पहिल्यांदा कधी आली, तू काय म्हणालीस, कधी भेटलात, पण आईच्या कपाळावर आठी दिसायला लागली होती, शब्द शोधून ती दमली होती.

"लाइनला खरखर आहे का?" त्यानं विचारलं.

अहिल्याबाईंनी कान दिला. फ्रीज घुमत होता. "आहे थोडी," त्या म्हणाल्या. "असू दे."

मग त्यांनी हात पुढे करून यतीनच्या गालाला लावला. हाताला कोथिंबिरीचा वास होता. "आवाज," त्या म्हणाल्या. "तसाच." आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे लाल दिव्याकडे बघत, एकदम काळजीनं, "पुसशील ना?"

"हो, आई. पुसतो."

अहिल्याबाई पुण्याला पोचल्यावर यतीननं ते पहिल्यांदा लावून पाहिलं. त्याच्या हिशेबानं असा नापास व्हिडिओ आजवर कुणी काढला नसेल. चौकटभर त्याचंच डोकं, मागून. डोळे हुडकणाऱ्या त्या हुशार कॅमेऱ्याला डोळे सापडलेच नाहीत, म्हणून त्यानं यतीनच्या टकलाकडे झुकलेल्या केसांवर नेम धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्याच्या कानामागून मधूनच आईचा हात दिसतो, हवेत भाकरी थापताना, तोही धूसर. चेहरा एकदाही नाही. फ्रीज सगळीकडे घुमतोय. आवाज मात्र स्वच्छ आला आहे, "बोला, कऱ्हाड" तर इतकं स्वच्छ की राधिकानं ते ऐकलं आणि फोन बाजूला ठेवून उठूनच गेली.

यतीननं त्याच्या प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. शेवटी आईचं "पुसशील ना?" आहे, आणि त्यामागून त्याचं "हो". माइकच्या जवळ तोच बसलेला, त्यामुळे ते "हो" फार ठाम आलं आहे. ऐकणाऱ्याला खरं वाटेल इतकं.